चांगले पक्षी मागे ठेवून ब्रॉयलरची घरची पैदास परवडेल का?

प्रश्न हातकणंगले तालुक्यातल्या एका तरुण पोल्ट्रीवाल्याचा आहे. पाच हजार पक्ष्यांचं शेड, कंपनीचा करार नाही, पिल्लू आणि खाद्य रोखीनं आणायचं आणि माल ओपन मार्केटला द्यायचा. त्यांचं म्हणणं असं: "पिल्लाचा दर कधी वीस, कधी पंचेचाळीस. प्रत्येक लॉटमध्ये अडतिसाव्या दिवशी सरासरी २.२ किलो भरते, पण २.६-२.७ किलोचे शंभरएक पक्षी निघतातच. तेच मागे ठेवून त्यांची अंडी उबवली तर दोन-तीन पिढ्यांत आपलीच जात तयार होणार नाही का? आणि एकट्याला जमत नसेल तर आम्ही दहाजण मिळून दूध संघासारखं काही उभं करू शकतो का?"

मी बरीच वर्षं पेरेंट फार्म (ब्रॉयलर पिल्लांचे आई-बाप सांभाळतात ती जागा) आणि हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) काढली आणि आता कोल्हापूर-सांगली भागातल्या शेडवर सल्ल्याला जातो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही आणि तो वेडगळही नाही. आपल्या भागात संघ करून माणसांनी दूध, साखर, सूत सगळं उभं केलंय. मग कोंबडी का नको? माझं उत्तर असं आहे की घरच्या पैदाशीत पैसे जातील, पण दहाजणांनी एकत्र येण्यात पैसे आहेत, फक्त ते दुसऱ्या जागी आहेत. "होत नाही" असं नुसतं सांगून कुणाचं समाधान होऊ नये, म्हणून हिशेब मांडतो. दर मी सोयीसाठी धरलेले आहेत. खाद्य सरासरी ३८ रुपये किलो धरलंय. तुमच्याकडचे आकडे घालून पाहा, निष्कर्ष फारसा हलणार नाही.

आधी ते शंभर पक्षी बघू. सरासरीपेक्षा ते साधारण ४५० ग्रॅमनी जड आहेत. पण जवळ जाऊन तुरे बघा, त्यातले बहुतेक नर असतील. या वयात नर मादीपेक्षा तीन-साडेतीनशे ग्रॅमनी पुढे असतो, म्हणजे मिश्र लॉटच्या सरासरीपेक्षा दीडशे ग्रॅम त्याला नुसत्या नर असण्याचे मिळतात. उरले ३००. त्यातही पहिल्या दिवशी ब्रूडरखाली, म्हणजे उबेच्या साधनाखाली, बरी जागा मिळाली, पाण्याचा निप्पल लवकर सापडला, अंडंच मोठं होतं, अशा कारणांचा वाटा मोठा असतो. ब्रॉयलरच्या वजनात पुढच्या पिढीत उतरणारा भाग साधारण तीस-चाळीस टक्के असतो. म्हणजे ४५० ग्रॅममधले शंभरएक ग्रॅम पिल्लात उतरतील, तेही आई आणि बाप दोघं असेच काटेकोर निवडले तर.

तुम्ही म्हणाल, शंभर ग्रॅम काय कमी आहेत? कमी नाहीत. वजनापुरतं बोलायचं तर घरच्या पैदाशीची पहिली पिढी एकदम कोसळणार नाही, हे मी मान्य करतो. काहीजण तसं ठेवून बघतात आणि "बघा, वाढतोय की" म्हणतात. नुकसान वजनात दिसतच नाही. ते खाद्याच्या पोत्यात, अंड्यांच्या ट्रेमध्ये आणि उबवणीत दिसतं.

खाद्याचं पहिल्यांदा. दोन पक्षी घ्या, दोन्ही अडीच किलोचे. एकानं ३.७५ किलो खाऊन ते वजन केलं, दुसऱ्यानं ४.२५ किलो खाऊन. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे खाल्लेलं खाद्य, दीड आणि १.७. शेडात दोघं शेजारी उभे असले तर तुम्हाला आणि मला ते सारखेच दिसतात, पण दुसऱ्यानं १९ रुपयांचं खाद्य जास्त खाल्लंय. उत्पादन खर्चात पासष्ट-सत्तर टक्के खाद्य असतं, त्यामुळे निवडायचा खरा गुण हाच आहे, आणि तो डोळ्यांनी किंवा काट्यावर कळत नाही. पेडिग्री फार्मवर, म्हणजे मूळ शुद्ध वाण निवडून पुढे नेतात तिथे, प्रत्येक पक्ष्याला इलेक्ट्रॉनिक टॅग असतो. पक्षी कळपातच राहतो, पण खाद्याच्या भांड्याशी आला की यंत्र त्याला ओळखतं आणि त्यानं किती ग्रॅम खाल्लं, किती वेळा आला, याची नोंद ठेवतं. पायाच्या हाडाचा एक्स-रे होतो. कोरोनात आपण बोटाला लावायचो तसला ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, कारण ज्याचं हृदय-फुप्फुस वाढीला पुरत नाही त्याच्या पोटात पुढे पाणी होतं. काही ठिकाणी जिवंत पक्ष्याचं सीटी स्कॅन करून छातीचं मांस मोजतात. आता डीएनए तपासूनही अंदाज बांधतात. शिवाय प्रत्येक पक्ष्याचे आई-बाप, भावंडं, चुलत भावंडं यांच्या नोंदी जोडून कुणाचं रक्त पुढे न्यायचं ते ठरतं. तिथे निवडलेला पक्षी फक्त जड नसतो. कमी खाणारा, पाय धड असलेला, मर कमी असलेल्या घराण्यातला आणि शिवाय जड, असा असतो. नुसत्या वजनावर निवड केली की खादाड, चरबीचे आणि पायानं अधू पक्षी आपोआप पुढे सरकतात.

दुसरी अडचण अंड्यांची, आणि माझ्या मते सगळा विचार इथेच मोडतो. वाढ आणि अंडी हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. जितका पक्षी मांसल, तितकी मादी अंड्याला वाईट. म्हणून ब्रॉयलर एका जातीचा नसतोच. नराकडचे वाण वेगळे सांभाळतात, त्यात वाढ, छाती, एफसीआर यांवर जोर असतो. मादीकडचे वाण वेगळे, त्यात अंडी आणि उबवणूक बघतात. साधारण चार शुद्ध वाण, त्यांतून आजी-आजोबा, त्यांतून पेरेंट आणि पेरेंटमधून तुमच्या शेडातलं पिल्लू. पेरेंट मादी पूर्णपणे मादी-वाणाची असते, म्हणून ती ६४ आठवड्यांपर्यंत १४५च्या आसपास पिल्लं देते. तुमच्या शेडातल्या मादीत अर्धं रक्त नर-वाणाचं आहे. ती कितीही उत्तम सांभाळली तरी पेरेंट मादीइतकी अंडी देणार नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे लगेच पटावं. ८६०३२ उसाचं बेणं तुम्ही शेतातूनच ठेवता आणि ऊस तसाच येतो, पण हायब्रीड मक्याचं कणीस बियाण्याला ठेवलं तर पुढच्या हंगामात रान एकसारखं येत नाही. ब्रॉयलर मक्याच्या बाजूचा आहे.

आणि सांभाळण्याचंही सोपं नाही. पेरेंट मादी विसाव्या आठवड्याला सव्वादोन किलोच्या आसपास असावी लागते. विसाव्या आठवड्याला! तुमचा पक्षी ते वजन अडतिसाव्या दिवशी ओलांडतो. पेरेंटचं पिल्लूही त्याच रक्ताचं आहे, मोकळं खाऊ दिलं तर तेही धावेल. म्हणून पेरेंट फार्मचं निम्मं काम म्हणजे पक्ष्याला वाढू न देणं. सहाव्या आठवड्यात पेरेंट मादी सहा-सातशे ग्रॅमचीच ठेवतात. खाद्य दिवसातून एकदाच, तेही डोक्यामागे ग्रॅमवर मोजून. भांडी अशी भरायची की दोन-चार मिनिटांत संपूर्ण शेडभर एकदम खाद्य पोचलं पाहिजे, नाहीतर आडदांड मादी दोघींचं खाते आणि बारकी उपाशी राहते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, रिकाम्या पोटी वजनं घ्यायची. लहान, मध्यम, जड असे कप्पे करून प्रत्येक कप्प्याचे ग्रॅम वेगळे ठरवायचे. मी पेरेंट शेडवर असताना शेडमधला अनुभवी माणूस वजनाच्या कागदाआधी पक्ष्याच्या छातीखालून हात फिरवून सांगायचा की या आठवड्यात दोन ग्रॅम वाढवा किंवा थांबा, आणि बहुतेक वेळा काटा तेच सांगायचा. हे कसब महिन्यांत येत नाही.

आता तुम्ही मागे ठेवलेले पक्षी आधीच अडीच किलोच्या वर गेलेत. त्यांना विसाव्या-बाविसाव्या आठवड्यापर्यंत नेताना काय होतं? मोकळं खाऊ दिलं तर हृदय बंद पडून किंवा पाय जाऊन बरेच मरतात आणि उरतात त्यांच्या पोटात चरबीचे गोळे तयार होतात. मग एकाच वेळी दोन पिवळ्याची अंडी, पातळ कवचाची अंडी, पोटातच फुटलेली अंडी. एकदम खाद्य तोडलं तर कळप बिथरतो. नर एवढा जड होतो की त्याला मादीवर नीट चढता येत नाही. मग अंडी येतात, पण फळत नाहीत.

रुपयांत बघू. पेरेंट मादी ६४ आठवड्यांत ५५ किलोच्या आसपास खाद्य खाते, तिच्या वाट्याचा नराचा खर्च पाच किलो धरा. एकूण साठ किलो. पेरेंटचं खाद्य ३५ रुपयांनी २,१०० रुपये. १४५ पिल्लांवर भागलं तर खाद्याचे साडेचौदा रुपये पिल्लामागे. लस, मजुरी, उबवणी, शेड यांचे वेगळे. तुमच्या घरच्या मादीनं खूप उदारपणे ७० पिल्लं दिली असं धरलं, तर नुसत्या खाद्याचे तीस रुपये झाले, आणि ती ५५ किलोवर थांबणार नाही. म्हणजे बाजारात पिल्लू पंचेचाळीसला असलं तरी तुमचं घरचं पिल्लू त्याच्या पुढेच जाणार. वीसला असलं तर बोलायलाच नको.

यात रोगाचा हिशेब धरलेला नाही. मायकोप्लाझ्मा आणि पुलोरम हे रोग अंड्यातून पिल्लात उतरतात. पेरेंट कळपांची रक्त तपासणी त्यासाठीच सतत चालते. आणि गंबोरो या विषाणूच्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती पिल्लाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरती आईकडून मिळते, ती आईला वेळेवर आणि पुरती लस दिली असेल तरच. ज्या शेडात दर दीड महिन्याला नवा लॉट येतो आणि लिफ्टिंगच्या, म्हणजे तयार पक्षी उचलून नेणाऱ्या, गाड्या गावोगावच्या कोंबड्यांचे पिंजरे घेऊन दारात उभ्या राहतात, तिथेच पैदाशीचा कळप वर्षभर ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

शिवाय नात्यातल्या पैदाशीचं. शंभरांत दहा नर आणि नव्वद माद्या ठेवल्या तर दर पिढीला नात्याचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांनी चढतं. प्रत्यक्षात दहापैकी तीन-चार दांडगे नरच बहुतेक काम करतात, मग ते आणखी भरभर चढतं. त्याचा पहिला फटका उबवणुकीला बसतो.

मग कंपन्यांना हे कसं परवडतं? हुशारी आणि पैसा हा त्यातला एक भाग. खरी गोष्ट गुणाकारात आहे. वरच्या टोकाला पणजी पिढीची एक मादी धरा. तिच्यापासून उपयोगी अशा चाळीसएक आजी माद्या मिळतात. प्रत्येक आजीपासून ४५च्या आसपास पेरेंट माद्या, म्हणजे १,८००. प्रत्येक पेरेंटपासून १४५ पिल्लं, म्हणजे दोन लाख साठ हजारांच्या पुढे. दोन किलोचा पक्षी धरला तर सव्वापाच लाख किलो जिवंत माल एका पणजीच्या पोटी. तिच्या वंशात एफसीआर फक्त एका पॉइंटनं, म्हणजे ०.०१नं सुधारला, तर सव्वापाच हजार किलो खाद्य वाचलं. दोन लाख रुपये. एका कोंबडीमागे! तिच्यावर टॅग, स्कॅन, डीएनए असा पन्नास हजारांचा खर्च केला तरी तो वसूल होतो. जगात वर्षाला ७,००० कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात, त्यावर हा खर्च पसरला की पक्ष्यामागे पैशांत येतो. तुमच्या मादीनं सत्तर पिल्लं दिली तर एका पॉइंटची तुमची बचत आहे दीडेक किलो खाद्य. तेवढ्यासाठी कुणी एक्स-रे काढणार नाही आणि काढूही नये.

यामुळेच हा धंदा जगभर मूठभर हातांत गेला. अव्हियाजेन आणि कॉब-व्हॅन्ट्रेस ही दोन नावं बहुतेक देशांत सापडतात. आपल्याकडे बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि पुढे कॉबच्या रक्तावर व्हेंकॉब हा ब्रॉयलर घराघरांत पोचला. रॉस ३०८ हा दुसरा ब्रॉयलर नंतर आला. ही एकाधिकाराची बाजू मला आवडते असं नाही. पैदास एवढ्या थोड्या हातांत असली की आजी-आजोबांच्या आयातीवर बर्ड फ्लूमुळे बंदी आली तर त्याचे धक्के काही महिन्यांनी हातकणंगल्याच्या शेडपर्यंत पोचतात. पण गुणाकाराचं गणितच असं आहे की ज्याच्याकडे उतरंड मोठी, त्यालाच निवड परवडते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याला माहीत असावी. ब्रॉयलरच्या नर-वाणाचं मूळ कॉर्निश जातीत आहे आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलात ती जात घडवताना भारतातून नेलेल्या असीलचं रक्त वापरलं होतं. १९४८ आणि १९५१ साली अमेरिकेत 'चिकन ऑफ टुमारो' ही मोठी स्पर्धा झाली, तेव्हा दोन्ही वेळी व्हॅन्ट्रेसचा कॉर्निशचं रक्त असलेला संकर पहिला आला. आपल्याकडच्या झुंजीच्या कोंबड्याची रुंद छाती असा फेरा मारून चिकन सेंटरवर परत आलीय.

निवडीनं किती फरक पडला, याचा मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा पुरावा कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा आहे. तिथे १९५७, १९७८ आणि २००५चे वाण एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवले. २०१४ साली निकाल छापून आला. ५६व्या दिवशी वजनं होती ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, शेड तेच, फरक रक्ताचा. नॉर्थ कॅरोलायनातही २००३ साली छापलेल्या अशाच कामात सुधारणेतला ८५ ते ९० टक्के वाटा पैदाशीचा आणि बाकीचा खाद्याचा निघाला. आजही दर वर्षाला एफसीआरमध्ये दोनएक पॉइंटची सुधारणा होते असं सर्वसाधारणपणे धरतात.

या दोन पॉइंटचं तुमच्या शेडातलं मोल बघा. २.३ किलोच्या पक्ष्यामागे ४६ ग्रॅम खाद्य, म्हणजे पावणेदोन रुपये. आणि हे दर वर्षी आदल्या वर्षावर चढत जातं. पेरेंटचं मादी पिल्लू अडीचशे-तीनशे रुपयांना पडलं असं धरा. ते १४५ पिल्लांवर भागलं तर तुमच्या एका पिल्लात जातीसाठी मोजलेली रक्कम दोन रुपयांच्या आसपास निघते. पिल्लाच्या चाळीस रुपयांत जातीचे दोन, बाकी खाद्य, उबवणी, वाहतूक, हॅचरीचा नफा किंवा तोटा. तुम्ही घरची पैदास करून वाचवायला बघताय ते हे दोन रुपये. आणि त्यासाठी वर्षाला पावणेदोन रुपयांची चढती सुधारणा सोडून देताय, कारण पेडिग्रीतली निवड तुमच्या शेडपर्यंत पोचायला चार-पाच वर्षं लागतात आणि तुम्ही जिथे थांबलात तिथून बाकीचे पुढे जात राहणार.

ही सुधारणा शेवटी कुणाच्या खिशात जाते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ती शेतकऱ्याकडे फार काळ टिकत नाही. सगळ्यांचा पक्षी सुधारला की माल वाढतो आणि दर खाली बसतो. गेल्या पन्नास वर्षांत चिकन इतर मटणाच्या मानानं एवढं स्वस्त राहिलं, त्यामागे हेच आहे. खाणाऱ्याचा फायदा झाला, आणि त्यात वाईट काही नाही. करारावर पक्षी सांभाळणाऱ्या तुमच्या शेजाऱ्यांनी मात्र एक बघावं. जात सुधारली की कंपनी एफसीआरचं स्टँडर्ड, म्हणजे करारात अपेक्षित धरलेला आकडा, खाली आणते. ग्रोइंग चार्ज (पक्षी सांभाळण्याचा मोबदला) तोच राहिला आणि स्टँडर्ड पाच पॉइंटनी घसरलं तर ती दरकपात आहे, कागदावर दिसत नसली तरी. करार नवा करताना चार्जचा आकडा आणि स्टँडर्डचा आकडा शेजारी शेजारी ठेवून वाचावा.

निवड कुठल्या गुणाला किती वजन देऊन करायची, हे बाजार ठरवतो, आणि तो बाजार आपला असतोच असं नाही. परदेशात कोंबडी तुकड्यांत विकली जाते, छातीला सगळ्यात जास्त दर. म्हणून तिथे छातीच्या मांसावर भर. त्याचा दुष्परिणाम म्हणून मोठ्या पक्ष्यांच्या छातीचं मांस लाकडासारखं कडक होण्याची तक्रार वाढलीय. आपल्याकडे अजून बहुतेक माल जिवंत वजनावर जातो. तुम्हाला छातीच्या दोन टक्के जास्त मांसाचा एक रुपयाही मिळत नाही, तो फायदा कापणाऱ्याकडे जातो, पण त्या छातीसाठी लागणारं अमिनो आम्लांचं महाग खाद्य तुम्ही घालता. म्हणून जिवंत विकणाऱ्यानं पिल्लू घेताना "यील्ड" (कापल्यावर निघणारं मांस) ऐकून भुलू नये. एफसीआर, मर आणि उन्हाळ्यातली तग विचारावी.

जाणकारांनाही चार-पाच वर्षांनंतरच्या खाद्याच्या दराचा अंदाज धरून निवड करावी लागते आणि तो चुकतो. २०२१च्या पावसाळ्यात सोयापेंड किलोला शंभर रुपयांच्या घरात गेली होती, सरकारला १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी द्यावी लागली. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. आपल्या ऊसपट्ट्यातला तो निर्णय पोल्ट्रीवाल्याच्या मक्याच्या बिलात दिसला. खाद्य जितकं महाग, तितका एफसीआरचा एकेक पॉइंट मोलाचा, आणि घरच्या पैदाशीत पहिला जातो तो हाच.

आता दहाजणांचं. जात बनवणं सोडा, पण पेरेंट आणून स्वतःची पिल्लं काढणं, हे जमेल का? दहा शेड, पन्नास हजार पक्षी. ३८ दिवसांचा लॉट आणि १५ दिवसांची साफसफाई धरली तर ५३ दिवसांचा फेरा, म्हणजे आठवड्याला ६,६०० पिल्लं हवीत. पेरेंट मादी चाळीस आठवड्यांत १४५ पिल्लं देते, आठवड्याला साडेतीनच्या जरा वर. म्हणजे कायम अंड्यावर असलेल्या १,८०० माद्या पुरे. ऐकायला छान वाटतं. पण एक कळप पहिले चोवीस-पंचवीस आठवडे काहीच देत नाही, म्हणून सलग पिल्लं हवी तर वेगवेगळ्या वयाचे दोन-तीन कळप, वेगळ्या शेडांत, एकमेकांपासून लांब ठेवावे लागतात. हॅचरी, जनरेटर, लसीकरण, पगारी डॉक्टर हे सगळं १,८०० माद्यांवर बसत नाही. वीस-पंचवीस हजार माद्यांच्या फार्मचा पिल्लाचा खर्च तुमच्यापेक्षा कायम कमी राहील.

आणि कोंबडी थांबवता येत नाही. उबवणीची अंडी आठवडाभराच्या पुढे ठेवली की उबवणूक पडते. आखाडात चिकनला उठाव, श्रावणात मंदी. श्रावणात विकायला येईल असं पिल्लू कुणी घ्यायला तयार नसतं, म्हणून पिल्लाचा दर त्याआधी महिना-सव्वा महिना पडतो. त्या वेळी तुम्हाला वीस रुपयांत पिल्लू मिळतं, ते हॅचरीच्या तोट्यातून मिळतं. स्वतःची हॅचरी काढली की तो तोटा तुमच्या घरात येतो. ओपनवाल्याची मोठी ताकद ही की मंदीत तो शेड रिकामं ठेवू शकतो. ती ताकद घालवू नका.

पैदाशीचीच हौस असेल तर रंगीत पक्षी वेगळा विषय आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला गावरान चवीचा पक्षी मागणारं गिऱ्हाईक कोल्हापुरात आहे आणि तो जास्त दर देतो. गिरिराज, वनराज यांसारखे पक्षी त्या बाजारात चालतात. आपल्याकडे पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रही आहे, तिथे चौकशी करावी. पण लहान प्रमाणात, आणि खाणारं गिऱ्हाईक आधी बांधून. पैदाशीसाठी पिल्लं घ्या, अंडी-पक्षी आम्हीच परत घेतो, असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. २०१९ साली इस्लामपूर भागातून उघड झालेल्या कडकनाथ प्रकरणात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांचे पैसे असेच गेले. पक्षी खाणारा माणूस उतरंडीच्या तळाशी नसेल, तर वरच्या पिढ्यांना काही किंमत उरत नाही.

तुमचा पैसा कुठे आहे ते शेवटी सांगतो. ५,००० पक्षी, २.३ किलो, साडेअकरा हजार किलो माल. एफसीआरचा एक पॉइंट म्हणजे ११५ किलो खाद्य, ४,३७० रुपये. एकाच हॅचरीचं, एकाच गाडीतलं पिल्लू घेतलेल्या दोन शेडांत मला १.६० आणि १.७० असा फरक नेहमी दिसतो. दहा पॉइंट, एका लॉटला ४३,७०० रुपये. पैदासकारांची ही पाच वर्षांची कमाई आहे आणि ती पडदे, पाणी, तुसाचा ओलावा आणि पहिल्या सात दिवसांत सांडते. पिल्लू आल्यावर चोवीस तासांनी शंभर पिल्लांच्या गळ्याखालच्या खाद्याच्या पिशव्या चाचपा, ९५ भरलेल्या लागल्या पाहिजेत. सातव्या दिवशी वजन पहिल्या दिवसाच्या चौपटीच्या वर हवं. हे दोन आकडे पडले तर अडतिसाव्या दिवशी कुठलीही जात ते भरून देत नाही.

आणि दहाजणांनी एकत्र येऊन पिल्लाची खरेदी करा. आठवड्याला साडेसहा हजार पिल्लांचं ठरलेलं गिऱ्हाईक हॅचरीला हवंच असतं, कारण तिलाही मंदीची भीती आहे. वर्षभराचा दर वर-खाली ठरावीक पट्ट्यात बांधून घ्या. पिल्लाबरोबर पेरेंट कळपाचं वय लेखी मागा. पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या कोवळ्या कळपाचं पिल्लू ३६-३७ ग्रॅमचं असतं, तीस ते पन्नास आठवड्यांच्या कळपाचं चाळीसच्या वर. दोघांचा दर एक असू नये. दोन वेगळ्या कळपांची पिल्लं एका शेडात मिसळून देऊ नका म्हणावं. गंबोरोच्या प्रतिकारशक्तीचा तपासणी अहवाल मागा, म्हणजे लसीचा दिवस अंदाजानं ठरवावा लागणार नाही. मग दहाही शेडचे आकडे एका वहीत लिहा: जात, पेरेंटचं वय, पहिल्या आणि सातव्या दिवसाचं वजन, मर, एफसीआर, विक्रीचं वय. पाच-सहा लॉट झाले की कुठल्या हॅचरीचं कुठल्या वयाचं पिल्लू तुमच्या भागात, तुमच्या उघड्या शेडात, एप्रिलच्या उन्हात काय करतं, हे तुम्हाला विक्रेत्यापेक्षा चांगलं माहीत असेल, आणि पुढच्या वर्षीचा दर त्या वहीवर बोलता येईल.